हंगामाची पहिली चढण

आमच्या सीनाईच्या डोंगरात ऑक्टोबर लागला, की चढाईसाठी पाहुणे यायच्या आधी वाटाड्याला एकदा वाट चालून यावी लागते. उन्हाळ्यात कुठे दरड सरकली, टाक्यांत पाणी किती उरलं, सगळं बघून घ्यायचं. सुवेलिम ही पहिली फेरी दरवर्षी बायकोला घेऊन करायचा. वरच्या घळीत सुबहियाच्या माहेरची बदामाची बाग होती.

दोन वर्षांपासून सुबहियाला विसर पडू लागला होता. यंदा लेक नज्ला आडवी आली.

"बाबा, काल तिनं मलाच विचारलं, तू कुणाची गं? आणि तुम्ही तिला डोंगरावर नेताय!"

"डोंगर नाही विसरली ती," सुवेलिम म्हणाला.

ते खरंच होतं. दरडीखाली वाट बुजलेली पाहून तो थबकला, तर मागून सुबहियाच म्हणाली, "खालून नको, वरून. खाली मुरूम आहे, पाय सरकेल." त्याच्या जिवात जीव आला. वाटलं, पायांना आठवतंय, तर बाकीचंही आठवेल.

टाक्यापाशी त्यानं चहा केला. सुबहिया जरा लांब सरकून बसली, पदर तोंडावर ओढून घेतला.

"भाऊ, चहा बरा झालाय. पण साखर कमी. आमच्या ह्यांना असा दिला असता, तर पेला परत आला असता."

सुवेलिमनं तिच्या पेल्यात आणखी साखर टाकली. मग विचारलं, "तापट आहेत का फार?"

"तापट कसले, सोंगाडे!" ती हसली. "लग्नाआधी महिनाभर माझ्या कळपामागे फिरले. म्हणे, शेळी हरवलीय. एक शेळी नव्हती हो त्यांच्याकडे!"

तोही हसला. ही गोष्ट त्या दोघांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती.

"भाऊ, परक्या माणसासोबत आले, हे त्यांना सांगू नका हं. बागेत वाट बघत असतील."

"नाही सांगणार."

बागेत तिनं प्रत्येक झाडाखाली पाहिलं, दगडी खोपटात डोकावली. सुवेलिमनं राखेत भाकरी भाजली. तिनं अर्धी फडक्यात बांधून ठेवली नवऱ्यासाठी, आणि उरलेल्या अर्धीतला तुकडा त्याच्यापुढे केला. ऊन कलायला लागलं तरी ती उठेना.

"तुम्ही व्हा पुढे. ते आले, की आम्ही दोघं उतरू."

"सुबहिया," तो तिच्यासमोर बसला, "अगं, मीच सुवेलिम."

ती ताडकन उठली. "लाज नाही वाटत? एकटी बाई बघून असलं बोलता?" तिच्या हातात दगड होता.

सुवेलिम मागे सरला. बागेच्या दगडी गडग्याबाहेर जाऊन वळणाखाली बसला. काय करावं कळेना. शेवटी तरुणपणी खालून घालायचा तशी त्यानं हाक घातली, "सुबहिया होऽऽ!"

"आले होऽऽ!" लगेच उत्तर आलं.

ती धावतच गडग्याशी आली. चेहरा उजळला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागच्या रिकाम्या वाटेकडे.

"भाऊ, आत्ता त्यांची हाक आली. दिसले का हो तुम्हाला?"

सुवेलिमनं खालच्या वाटेकडे बोट दाखवलं. "दिसले. पाय दुखतोय त्यांचा, खाली थांबलेत. म्हणाले, तिला सांभाळून आण."

"मग इथं काय बसलाय? चला की!"

उतरताना ती त्याच्या पुढे होती. दर वळणावर विचारायची, अजून किती? तो म्हणायचा, हे काय, पुढेच आहेत. वस्ती येईपर्यंत तो असंच खोटं बोलत राहिला. नज्ला दारातच उभी होती. तिला पाहून त्याला आपलं रडू आवरलं नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. त्यांना पुतण्या अवाद घेऊन गेला. सुवेलिम त्या हंगामात डोंगर चढला नाही, पुढच्याही नाही. तो घरीच असायचा, सुबहियापासून जरा लांब बसून, परक्यानं बसावं तसा.