गंजाची काच

मोहोळच्या मुक्ताबाईला डाग म्हणून खपत नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या पातेल्यात तोंड बघून भांग पाडावा. अशा बाईच्या स्वयंपाकघरात गंजाचा थर दिलेली काच ठेवायची म्हणजे तिच्या लेकीनं, उत्कर्षानं अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

त्या काचेपायी पोरीची तीन वर्षं गेली होती. सोलापूरला विद्यापीठात ती संशोधन करत होती. काचेवर गंजाचा पातळ थर चढवायचा, तार जोडून काच पाण्यात बुडवायची आणि उन्हात धरायची. गंज ऊन पितो, पाणी फुटतं आणि हायड्रोजन सुटतो, म्हणजे फुकटचं इंधनच. आपल्याकडे ऊन रग्गड, गंजही फुकटचा. पण थर टिकेल तर शपथ! पाण्यात गेला की तासाभरात पोपडे. सरांनी निक्षून सांगितलं होतं, "याही खेपेला थर निघाला, तर विषय बदला." म्हणून तिनं ही काच भट्टीत चांगली खरपूस भाजली होती आणि रविवारी घरच्या गच्चीवर तपासायला आणली होती.

आंघोळ करून येते तो काय, आई स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून चिंच आणि काथ्यानं काच घासतेय!

"आई! अगं काय केलंस हे!" उत्कर्षाला रडूच फुटलं. "तीन वर्षं मोरीत घातलीस माझी!"

"मला काय सपान पडलं व्हय?" मुक्ताबाईही भडकली. "गंजकी काच दिसली, म्हनलं पोरीचं काम हलकं करावं. आन् रडतीस कशाला? अर्धा तास झाला, हात भरून आले माजे. निघतंय कुटं मेलं!"

उत्कर्षाचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं काच बादलीत बुडवली, उजेडात धरली. थर शाबूत होता. कुठं पोपडा नाही, ओरखडा नाही.

तिनं काच परत आईच्या हातात दिली. "घास."

"आं?"

"अजून चिंच घे. जोर लावून घास, आई."

मुक्ताबाईनं पदर खोचला. उलटी घासली, सुलटी घासली, कोपरे घासले, मधेच काचेला दोन शिव्याही दिल्या. कपाळावरून घाम निथळायला लागला तेव्हा कुठं तिनं काथ्या भिरकावला.

"न्हाय बाई. हरले म्या."

त्यासरशी चिंचेनं हात बरबटलेल्या आईच्या गळ्यात उत्कर्षा पडली आणि पुन्हा हमसून हमसून रडायला लागली.