अ, ब आणि मधली भिंत

भिंगरीचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. घरी, वर्गात, अगदी ऑफिसातल्या क्लार्कबाईंच्या तोंडीही ती भिंगरीच. तीन वर्षं ती विज्ञानाच्या इमारतीतून कलेच्या इमारतीत आणि तिथून परत अशी पळत होती. त्या पदवीचा अभ्यासक्रमच तसा होता. सकाळी ध्वनिशास्त्र, दुपारी नाट्यशास्त्र, मधल्या वेळात जिना. "म्हणजे शेवटी तू होणार कोण?" असं तिचे वडील दर सुट्टीत विचारायचे. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे एका माणसानं एकच काम करावं यावर त्यांचा ठाम विश्वास होता. भिंगरी म्हणायची, "बाबा, ते ठरलं की तुम्हालाच आधी सांगते." बाबा डोळ्याला भिंग लावून पुन्हा काट्यांकडे वळायचे.

शेवटच्या वर्षाला प्रबंध होता आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. प्रबंधाला मार्गदर्शक दोन, एक विज्ञानाचा, एक कलेचा, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पदवी नाही. आता अख्ख्या विद्यापीठात या अभ्यासक्रमाला शिकवणारे ध्वनिशास्त्राचे सर एकच आणि नाट्यशास्त्राच्या मॅडम एकच. दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी. मध्ये फक्त एक पातळ भिंत, आणि दोघांमधून सात वर्षं विस्तव जात नव्हता.

कारण ऐकलं तर कुणीही कपाळाला हात लावेल. अभ्यासक्रम सुरू झाला त्या वर्षी दोघं एकत्र तास घ्यायचे. एकदा सरांनी फळ्यावर अर्धं गणित सोडवून वर "पुसू नये" असं लिहून ठेवलं. मॅडमना रंगमंचाचा नकाशा काढायचा होता. त्यांनी गणित पुसलं, "पुसू नये" तेवढं ठेवलं आणि त्याच्या खाली नकाशा काढला. दुसऱ्या दिवशी सरांनी नकाशा पुसला. तिसऱ्या दिवसापासून तास वेगळे झाले आणि बोलणंही बंद झालं.

आधीच्या पोरांनी यावर तोडगा काढला होता. चाळीस पानं सरांना आवडतील अशी लिहायची, चाळीस मॅडमना आवडतील अशी, मध्ये एक गुलाबी कागद घालायचा आणि सगळं एकत्र शिवायचं. सर गुलाबी कागदापर्यंत वाचायचे, मॅडम गुलाबी कागदापासून पुढे. यंदा मात्र परिपत्रक निघालं की प्रबंध एकसंध हवा, बाहेरचे परीक्षक येणार, आणि गुलाबी कागद सापडला तर पूर्ण वर्ष पुन्हा. प्रत्येक प्रकरण किमान एका मार्गदर्शकानं तपासलेलं असावं, अशीही एक ओळ खाली होती.

भिंगरीचा विषय होता हसू. नाट्यगृहात बसून तिनं विनोदी नाटकाचे सव्वीस प्रयोग ऐकले होते. कुठल्या वाक्याला हशा आला, किती सेकंदांनी आला, किती मोठा आला, सगळं वहीत. पहिला मसुदा तिनं दोघांनाही दिला. सरांनी समासात लिहिलं, "मोजता येत नाही ते काढून टाक." मॅडमनी त्याच ओळीपाशी लिहिलं, "हे मोजमाप काढून टाक. माणूस का हसला ते सांग."

दोघांचंही ऐकलं तर हातात फक्त मुखपृष्ठ उरत होतं.

मॅडम असं म्हणाल्या, हे सरांना सांगून पाहण्याची सोय नव्हती. मॅडमचं नाव निघालं की सर खिडकी उघडायचे. सरांचं नाव निघालं की मॅडम खिडकी लावायच्या. तेव्हा भिंगरीनं एक साळसूद काम केलं. मॅडमचे शेरे तिनं आपलीच मतं म्हणून पुढच्या मसुद्यात टाइप केले आणि तो सरांकडे नेला. सरांनी त्यावर जे लिहिलं, तेही आपलंच म्हणून मॅडमकडे. आणि मसुदा वाचून होईपर्यंत ती बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर हाताची घडी घालून बसायची.

गाडी अशी काही पळायला लागली की विचारू नका. मॅडमनी लिहिलं होतं, "माणूस विनोदाला हसत नाही, शेजारचा हसतोय म्हणून हसतो." ते वाचून सरांनी लिहिलं, "शाबास! आत्ता कुठे डोकं चालायला लागलं. पण शेजारी दिसलाच नाही, नुसता ऐकू आला, तर?" ते वाचून मॅडम म्हणाल्या, "तुझ्यात एवढी कल्पकता असेल असं वाटलं नव्हतं गं." सात वर्षं जे दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते आता आठवड्याला दोन पत्रं लिहीत होते. मधली पोस्टमन कोण, तेवढं दोघांनाही ठाऊक नव्हतं. घरी जेवताना भिंगरी मध्येच फिसकन हसायची आणि बाबा म्हणायचे, "अभ्यासाचा ताण दिसतोय."

एक दिवस मॅडमच्या शेऱ्यात आलं, "या मोजणाऱ्यांना स्मशानात पाठवलं तर ते शांततेची लांबी-रुंदी लिहून आणतील." भिंगरीनं तेही जसंच्या तसं ठेवलं. सरांच्या खोलीतून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एकदम मोठ्यानं खो खो हसण्याचा आवाज आला. आणि लगेच पलीकडच्या खोलीतून मॅडम खुदकन हसल्या. उघड्या दारातून दिसत होतं, त्यांच्यासमोर तर हजेरीपट होता; त्यात हसण्यासारखं काय असणार? भिंगरी बाकावर ताठ बसली. दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या दुकानातलं स्टॉपवॉच घेऊन आली.

तीन आठवडे रोज बाकावर बसून तिनं एकोणीस नोंदी केल्या. अ हसले, की चार सेकंदांच्या आत ब हसतात. अ आणि ब यांच्यात संभाषण नाही. अ आणि ब एकमेकांना दिसत नाहीत. मध्ये भिंत. असं करून तिचं पाचवं प्रकरण तयार झालं. ते तिनं सरांना दाखवलं नाही, सांगितलं, "मॅडमनी तपासलंय." मॅडमना सांगितलं, "सरांनी तपासलंय." खातरजमा करायला कोण कुणाकडे जाणार होतं?

मग तोंडी परीक्षेचा दिवस आला. टेबलाच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला मॅडम, मध्ये बाहेरून आलेले वयस्क परीक्षक. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एक वाक्य वाचलं. "शेजारी दिसला नाही, नुसता ऐकू आला, तर? सुंदर प्रश्न आहे. कसा सुचला तुम्हाला?"

भिंगरीनं तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तो मी सुचवला."

"शक्यच नाही," मॅडम परीक्षकांकडे बघत म्हणाल्या. "त्याच्या आधीचं वाक्य माझं आहे. ते वाचल्याशिवाय हा प्रश्न सुचूच शकत नाही."

"आणि स्मशानाचं?" सरांनी विचारलं. सात वर्षांत पहिल्यांदा थेट त्यांना.

"माझंच."

दोघांनीही मान भिंगरीकडे वळवली. तिला वाटलं, आपण या खुर्चीतून उठून सरळ बाबांच्या दुकानात जावं आणि काटे पुसत बसावं. परीक्षकांनी प्रबंध मिटला. "म्हणजे हे वाक्य यांचं, ते त्यांचं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "मग मुली, यात तुझं काय आहे? तुझं काही नसेल तर मला पास करता येणार नाही."

इतके दिवस तिनं स्वतःलाही हा प्रश्न विचारायचं टाळलं होतं. "पाचवं प्रकरण," ती म्हणाली. "ते माझं आहे. ते या दोघांनीही पाहिलेलं नाही. मी दोघांना खोटं सांगितलं."

परीक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं. अ, ब, भिंत, चार सेकंद, एकोणीस वेळा. सरांचे कान लाल झाले.

"हे साफ खोटं आहे," ते म्हणाले. "मी असा मोठ्यानं हसतच नाही."

"हसता," मॅडम म्हणाल्या. "सात वर्षं ऐकतेय मी."

सरांनी हात पुढे करून प्रबंध आपल्याकडे ओढला, तक्त्यावरून बोट खाली खाली नेलं आणि मान हलवली. "सही करता येणार नाही. तक्त्यात चूक आहे."

गेलं आपलं वर्ष, भिंगरीनं मनात म्हटलं.

"एकोणीसही ठिकाणी 'अ आधी हसले' असं लिहिलंयस. दोन वेळा तसं झालेलं नाही. त्या दोन्ही दिवशी तू पळत पळत उशिरा आलीस, तेव्हा हसणं चालूच होतं आणि तू सवयीनं अ लिहून मोकळी झालीस. दोन्ही वेळा या आधी हसल्या होत्या." त्यांनी प्रबंध आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "दुरुस्त कर. मग सही करतो."

भिंगरीनं पेन उचललं. "कुठल्या दोन वेळा, सर?"

मॅडमनी खाली घातलेली मान वर केली. सरांनी दोन्ही तारखा सांगितल्या, वेळेसकट, तक्त्याकडे एकदाही न बघता.