लॉराचा दुधी आणि पोचा आलेला डाव

मी एक जुना डाव आहे, मित्रांनो. भाजी वाढायचा, लांब दांड्याचा, स्टीलचा. माजिवड्याच्या ज्या हॉटेलात मी राहतो तिथे मला सर्व्हिंग स्पून म्हणतात. पण नाव इंग्रजी झालं म्हणून नशीब थोडंच बदलतं? कल्याणच्या भांडीबाजारातून गोणीत बसून आलो तेव्हा मी आरशासारखा चकाकत होतो. पनीर वाढलं, बिर्याणी वाढली. कौतुक पनीरचं व्हायचं, पण मी ते खुशाल माझंच समजायचो. मग एकदा धुताना आपटलो आणि पाठीला पोचा आला. झालं! पोचा आलेला डाव पाहुण्यांसमोर बरा दिसत नाही म्हणून माझी रवानगी बुफेच्या रांगेतल्या शेवटच्या भांड्यात झाली.

त्या भांड्यात राहणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. खाली कढत पाणी, त्याच्याखाली दिवा, वर जड झाकण. झाकणाच्या खाचेतून फक्त माझी मान बाहेर. कुणी झाकण उचललं तर उजेड, नाहीतर वाफ आणि अंधार. बाहेर यायची सोय नाही, बोलायची तर नाहीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक जेवण होतं. लॉरा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीचं त्या सकाळी चर्चमध्ये पहिलं कम्युनियन झालं होतं, म्हणजे तिला पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळाला होता. तिचं घराणं किनाऱ्यावरचं, पिढ्यान् पिढ्या मासळीवर वाढलेलं. आणि पोरीला नेमकी कोलंबी चालत नव्हती. एक घास पोटात गेला तरी तिचा घसा सुजायचा, श्वास अडकायचा. त्यामुळे कुठेही जेवायला गेलं की तिची आई प्रिसिला आधी प्रत्येक भांडं हुंगायची, त्यातला डाव उलटा करून बघायची, चाखायची, आणि मगच लॉराचं ताट भरायची. तिच्या मागे आई उभी, माझ्यावर झाकण. आम्ही दोघं एका जातीचेच कैदी.

आमच्या बुफेचा प्रमुख गुरुदत्त म्हणाला, "मॅडम, शेवटचा दुधी खास बेबीसाठी केलाय. कढई वेगळी, तेल वेगळं, चमचापण वेगळा. टेन्शन नका घेऊ."

प्रिसिलाने दुधी चाखला आणि मान डोलावली.

"मम्मी, आज मी माझं मी घेणार हां," लॉरा म्हणाली. "तू मागे उभी नाय राहायचं."

आई जरा घुटमळली, मग "बरं" म्हणाली. पोरीचा चेहरा असा काही फुलला की माझीही छाती भरून आली. आयुष्यात पहिल्यांदा मी खास कुणासाठी होतो.

मग जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. एवढ्यात माझं झाकण हळूच उघडलं. समोर अँब्रोज, लॉराच्या आजोबांचे धाकटे भाऊ, उत्तनचे जुने कोळी. त्यांनी बोटाने दुधीची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"आज माजी पोर असलं फिकं खानार?" ते पुटपुटले. कोटाच्या खिशातून पुडी काढून त्यांनी भाजलेला सुका जवळा दुधीवर उधळला, आणि मलाच धरून छान ढवळला.

मित्रांनो, त्यांच्या मनात पाप नव्हतं. कोलंबी पोरीला बाधते हे त्यांना पक्कं माहीत होतं. तिच्यासमोर ते ती खातही नसत. पण जवळा त्यांच्या लेखी कोलंबी नव्हताच. जवळा म्हणजे मीठमसाल्यासारखी चव! त्याच्याशिवाय दुधी त्यांच्या घरात कधी शिजलाच नव्हता.

मी मात्र हॉटेलात जन्म काढलेला. जवळा कोलंबीच्याच कुळातला, ते मला चांगलं ठाऊक. झाकण पडलं. मी आत तडफडत होतो. अरे, कुणीतरी बघा! गुरुदत्त, ये ना! पण माझी हाक कुणाला ऐकू जाणार? बाहेर "आमेन" झालं, ताटं वाजू लागली, आणि पांढऱ्या फ्रॉकची झालर माझ्याच दिशेने आली.

झाकण उघडलं. तिकडे शेजारच्या भांड्यात कोलंबीचा रस्साच होता, त्यामुळे वासाने काही कळण्यासारखं नव्हतं. लॉराने मला भरभरून उचललं. मी जड झालो, निसटू पाहिलं. पण निर्जीवाचं कुठे काही चालतं? दुधी ताटात पडला.

घास घेण्याआधी तिने आईने लावलेल्या सवयीने मला उलटा केला. माझ्या पाठीच्या पोच्यात जवळ्याचा एक इवलासा जीव चिकटून बसला होता. दोन काळे ठिपके तिच्याकडे टक लावून बघत होते.

"मम्मी!"

सगळे धावले. गुरुदत्तचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात अँब्रोज पुढे आले. "मीच टाकला. अगं, जवळा हाय तो, कोलंबी थोडीच हाय?"

"ग्रँपा, जवळापण त्यातलाच," लॉरा म्हणाली. "माझा श्वास बंद झाला असता."

"तुला चांगलं लागावं म्हनून टाकला गं," म्हणत म्हातारा सगळ्यांसमोर रडला.

मला वाटलं, संपलं. आता ही पोर जन्मभर आईच्या पदराआड जेवणार. नवा दुधी शिजेपर्यंत लॉरा स्वतःच्याच समारंभात रिकामं ताट घेऊन बसून राहिली. शेजारी अँब्रोजही उपाशी. गुरुदत्तने भाजी आणली, सोबत कोरा चमचा आणला. पण लॉरा म्हणाली, "तोच आणा, पोचावाला. धुऊन." प्रिसिला वाढायला उठली होती. ती थबकली, आणि परत खाली बसली. लॉराने मला उलटा करून पाहिलं, स्वतः वाढून घेतलं, मग ग्रँपाच्या ताटातही वाढलं.

"कसं लागतं?"

"मस्त लागतं गं," तो फिका दुधी गिळत अँब्रोज म्हणाले.

आता मी पुन्हा झाकणाखाली आहे. तेच भांडं, तोच अंधार. तरी तुम्ही बुफेला याल तेव्हा एका भांड्यातला डाव दुसऱ्यात घालू नका. आणि कुणाच्या ताटात मायेनेसुद्धा काही घालायचं झालं, तर आधी त्याला विचारा. मला बोलता आलं नाही, मित्रांनो. तुम्हाला तोंड आहे.