पडद्यावरच्या मुंग्या

माझी आई टीव्हीवर दिसली होती, हे देगलूरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. दिसली नाही ती फक्त माझ्या वडिलांना.

तेव्हा मुंबईचा एक करमणुकीचा कार्यक्रम शनिवारी लागायचा. गाणी, जादू, नकला आणि दर वेळी कुणीतरी नवा पाहुणा कलाकार. आई आमच्या बाजारातल्या बायका हुबेहूब करायची. मराठीत भाव विचारणारी, तेलुगूत नाही म्हणणारी, कन्नडमध्ये भांडायला उठणारी. तिला बोलावणं आलं, ती मुंबईला जाऊन आली आणि कार्यक्रम लागायच्या संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या घरात येऊन बसली. टॉवर नांदेडला, त्यात वारा सुटलेला, पडद्यावर नुसत्या मुंग्या. अप्पा अँटेना धरायला पत्र्यावर चढले. आई लाजून दारातच थांबली आणि तिथून वर ओरडत राहिली, "अहो, आलं! हलू नका!" अप्पा हलले नाहीत. खाली उतरले तोवर बातम्या लागल्या होत्या.

पुढे जन्मभर ते ज्याला त्याला विचारत राहिले, टीव्हीत कशी दिसत होती? आई तीच नक्कल घरात हौसेनं करून दाखवायची. "ही न्हाई, ती टीव्हीतली," म्हणायचे. हट्टी माणूस!

आई जाऊन दोन वर्षं झाली. अप्पा आता लातूरला माझ्याकडे असतात. विसरणं वाढत चाललंय. मला कधी माझ्या नावानं वर्षा म्हणतात, कधी आत्या समजतात. "गोदा टीव्हीवर कधी लागनार?" हे मात्र रोजचं. मीही त्यांचीच मुलगी. मोबाइलवर शोधत राहिले आणि गेल्या रविवारी सापडलं. कुणा भल्या माणसानं घरच्या जुन्या कॅसेट यूट्यूबवर टाकल्या होत्या.

मला कोण आनंद झाला! अप्पांना इस्त्रीचा सदरा घातला, चष्मा पुसून दिला, टीव्हीसमोर बसवलं आणि मोबाइलवरचं टीव्हीवर लावलं. निवेदिकेनं नाव घेतलं, देगलूरच्या गोदावरीताई. अप्पा पुढे सरकले. तेवढ्यात कॅसेट खराब असल्यामुळे पडदा सगळा पांढुरका झाला.

"मुंग्या यायल्यात," अप्पा उठले. "थांब, मी वर जातो."

"अप्पा, आता अँटेना नसतो हो. बसा, आई येतेय!"

हात झटकून ते गॅलरीत गेले आणि कपडे वाळत घालायची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्यांच्या पाठीमागे पडद्यावर आई आली. माझ्याहून लहान, पदर सावरणारी. लोक खदखदून हसत होते.

मी पुन्हा लावलं. पुन्हा मुंग्या, पुन्हा ते उठले. मग मी चिडले, खांदे दाबून त्यांना बसवलं, तर ते रडवेले झाले.

"सोड की गं! समदे बघायला बसलेत. माझी गोदा लागायलीय."

मी सोडलं. आई गेली तेव्हाही इतकं रडू मला आलं नव्हतं.

गॅलरीतून हाक आली, "गोदा, आलं का?"

आईचं केव्हाच बोलून झालं होतं. पडदा काळा होता. मला तिची नक्कल कधीच जमली नाही, पण डोळे पुसून मी दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, आलं! हलू नका!"

अप्पा मान न वळवता हसले.

"बघा तुमी समदे," म्हणाले. "मी धरलंय."