धुम्याची कणीक

मालनबाईंनी तीर्थाची बाटली उजेडाकडे धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. सकाळी डिलाईल रोडला, गावच्या लोकांनी मुंबईत धरलेल्या गावकीच्या खोलीतल्या देवीपुढून त्यांनी स्वतः ती भरून घेतली होती. तेव्हा पाणी स्वच्छ होतं. आता तळाशी पिवळट गाळ बसला होता.

"हितेंद्र, ह्यात काय घातलंस रे?"

परळच्या हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरच्या बाकावर त्यांचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. "काही नाही गं आये."

"देवीचं तीर्थ असं नासत नाही."

मग त्याने खिशातून कॅप्सूलचं पाकीट काढलं. "सेलेनियम आहे. शरीराला थोडंसंच लागतं, पण लागतंच. बाबांसारख्या पेशंटच्या रक्तात ते कमी होतं. मी वाचलंय."

आत हितेंद्रचे वडील कुशाबा बेशुद्ध होते. गावकीच्या भजनात पखवाज वाजवता वाजवता ते कलंडले आणि थेट इथेच आले. न्यूमोनियाचा संसर्ग रक्तात पसरला होता. भेटीच्या वेळी सिस्टर मालनबाईंना तीर्थाचं बोट त्यांच्या ओठांवरून फिरवू देत. आज चमचाभर तोंडातच सोडायचं, असा हितेंद्रचा बेत होता.

"औषध आहे तर चोरून कशाला?"

"डॉक्टर नको म्हणतील."

"मग का नको म्हणतात ते विचारू. चल."

मालनबाई उठल्याही. डॉक्टर सुचित्रा राउंड संपवून बाहेर येत होत्या. त्यांनी बाटली पाहिली, पाकीट पाहिलं, पण आवाज चढवला नाही.

"पहिली गोष्ट, बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचाभर पाणीसुद्धा सोडायचं नाही. ते फुप्फुसात उतरू शकतं. दुसरी गोष्ट, नळीतून जे अन्न देतोय त्यात रोज लागेल तेवढं सेलेनियम आहे."

"पण रक्तात कमी होतं ना?" हितेंद्र हट्टाने म्हणाला.

"होतं. तू बरोबर वाचलंस, पण अर्धंच. एवढा मोठा आजार आला की ते खाली येतं. डॉक्टरांनाही वाटलं होतं, वरून भरपूर दिलं की माणूस सावरेल. मोठे अभ्यास झाले. जास्त दिलं म्हणून जास्त जीव वाचले, असं दिसलं नाही. आणि अती झालं तर त्याचंच विष होतं."

"कमी आहे तर भरायचं नाही? हे मला पटत नाही. उद्या बाबांना काही झालं तर मी काय म्हणू? कॅप्सूल खिशात होती आणि दिली नाही?"

मालनबाईंनी त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

"तू शाळेत होतास तेव्हा पखवाजाचा धुमा बोलेना, म्हणून कणीक थापत सुटला होतास. आठवतं?"

धुम्याला, म्हणजे डाव्या अंगाला ओली कणीक लावली की पखवाज घुमतो, हे त्या घरात पोरांना अक्षरांच्या आधी कळायचं.

हितेंद्रला नको असतानाही हसू आलं. "भाकरीएवढी थापली होती. होता तो आवाजही गेला."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, कणकेला काय दोष देतोस, आधी चामडं ताणून धरणारी वादी बघ."

"आणि वादी?"

"सैल पडली होती."

सुचित्राबाई दोघांकडे बघत होत्या. "तसंच आहे बघ. सेलेनियम खाली आलं ती खूण आहे. सैल झालंय ते संसर्गामुळे, आणि आम्ही तेच आवळतोय. कालपासून ताप उतरलाय. रक्तदाबाचं औषधही कमी करत आणलंय. अजून धोका टळला असं म्हणणार नाही, पण दिशा बरी आहे."

हितेंद्रने पाकीट डॉक्टरांच्या हातात दिलं. मालनबाईंनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली.

"आये, देवी रागावेल."

"तुझ्यावर रागावेल. माझं तिचं बरं आहे. उद्या ताजं आणते." त्यांनी पदर खोचला. "तू आता गावकीच्या खोलीवर जा. त्या दिवशी गडबडीत कणीक धुम्यावर तशीच राहिलीय, चामडं खाईल. ओलं फडकं ठेव, मऊ झाली की अंगठ्याने काढ. नख लावू नकोस."

"आत्ता?"

"मग कधी? शुद्धीवर आले की आधी पखवाजाचं विचारतील, मग माझं. तेव्हा मी खोटं नाही बोलणार."

हितेंद्र उठला. जिन्याच्या वळणावर थांबून त्याने विचारलं, "वादी पण आवळून ठेवू?"

"ती राहू दे," मालनबाई म्हणाल्या. "ती त्यांची ते आवळतील."