मिरे घातलेल्या डांबरगोळ्या

कमलबाईंनी ट्रंक पलंगावर उलटी केली. साड्या पडल्या, तळाचे मिरे घरंगळले. डांबरगोळी मात्र एकही नव्हती.

"तूच मोरीत टाकल्यास, व्हय ना?" त्यांनी सुनेला विचारलं.

"न्हाय आत्या, त्या उडून गेल्या," वैष्णवी म्हणाली.

"कापरासारख्या ह्या बी उडतात, एवढं कळतं मला. म्हणून तर मिरे घातले. मिरे असल्यावर उडतील कशा?"

शेजारच्या प्रेमाबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. "घरातली वस्तू घरातलंच माणूस नेतंय," म्हणत त्यांनी आगीत तेल ओतलं. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि वैष्णवीच्या कपाळी चोरीचा शिक्का! उद्या जळकोट गावभर हेच ऐकू आलं असतं. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. रसायनशास्त्राची पदवी काय चुलीत घालायला घेतली होती?

तिनं नवी गोळी आणली, काचेच्या बरणीत टाकली आणि वर मूठभर मिरे ओतले.

"आत्या, झाकण तुमच्याच हातानं बांधा."

कमलबाईंनी दोरीला अशी गाठ मारली की सुटायची सोय नाही. बरणी अंगणात रणरणत्या उन्हात ठेवली. झाकणावर फडकं टाकून ते वैष्णवी दुपारभर भिजवत राहिली.

ऊन कलल्यावर कमलबाईंनी स्वतःच गाठ सोडली. बोराएवढी गोळी जराशी झिजली होती, आणि झाकणाच्या आतून पांढऱ्या, चकचकीत पापुद्र्यांचा थर चढला होता. त्यांनी वास घेतला. डांबरगोळीचाच!

"हिच्या एकेका कणात दोन कड्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात," वैष्णवी म्हणाली. "पण कणाकणांत ओढ कमी. जरा ऊब लागली की न वितळताच हवेत जातात, गार झाकण लागलं की परत जमतात. मिऱ्यांना काय जुमानतात ते!"

कमलबाई अंगणाच्या कडेला जाऊन प्रेमाबाईंना ओरडल्या, "अगं ए, माझ्या सुनेनं चोर धरला!" वैष्णवीला हसू आवरेना. तिचा ऊर भरून आला होता.

प्रेमाबाई आल्या, बरणी पाहिली, पण त्या तेवढ्या हसल्या नाहीत.

"पोरी, ही बरणी मला देतीस? नळदुर्गला न्यायची हाय."

"नळदुर्गला कशाला, मावशी?"

"आमची सून तिथं माहेरी हाय. ह्या गोळ्यांपायीच म्या तिला घालवलं."

मग कमलबाईंनी चपला पायात सरकवल्या.

"वैष्णवी, तू बी चल. तिच्या माहेरी नीट समजावून सांगाया पायजे."