कड्यावरून पडलेला बैल

मृत्यूवरचा पहिला विजय कोंडाण्याच्या शाळेत, १९५८ सालच्या एका दुपारी मिळवला गेला. मिळवणारा बैल होता, आणि तोही चित्रातला.

शेतकी खात्याच्या प्रचारगाडीतून आलेल्या साहेबांनी खिडक्यांना घोंगड्या बांधल्या आणि जपानी भातशेतीच्या माहितीआधी लोकांना हसवायला म्हणून कार्टूनचं रीळ लावलं. पडद्यावरचा बैल कड्यावरून पडला. वरून रोडरोलर गेला. बैलाचा पापड झाला. गावकऱ्यांत बसलेल्या गौराबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात तो पापड उठला, त्याने अंग झाडलं आणि तो मागच्या दोन पायांवर नाचू लागला.

कुणीही हसलं नाही. गोमाने तर हात जोडले. त्याचा चांद्या बैल पाय मोडून आठवडाभर गोठ्यात बसला होता आणि नांगरणी तोंडावर आली होती.

"हाडं आपसूक जुळली रं!" शेजारचा कोंडीराम पुटपुटला.

"गप ऱ्हा. देव हाय त्यो," गौराबाई म्हणाल्या.

मग साहेब तासभर जपानी भातावर बोलले. शेवटी घाम पुसत त्यांनी विचारलं, "काही शंका?"

गोमा उठला.

"सायेब, त्या बैलाला पेंड कंची घालता? मूठभर द्या की आमच्या चांद्याला."